चौदा दिवसांची मुभा

चिरंजीव,

आपल्या घराचे दरवाजे, जिन्याच्या सोळा पायऱ्या, स्वयंपाकघरातली कपाटं आणि तुझ्या मुलाचा पलंग, सगळं मी कुणाकडेही न शिकता स्वतःच्या हातांनी केलं. पलंग तर त्याचे फोटो पाहून दोनदा लांब केला. त्यावर तो अजून एकदाही झोपलेला नाही.

तू आमच्यासाठी निवडलेली ज्येष्ठांची वसाहत काल तुझ्या आईसोबत पाहून आलो. बाथरूममधला आधाराचा दांडा नुसत्या गिलाव्यात ठोकलाय; हात ठेवला तर हलला. म्हणे म्हाताऱ्यांची काळजी! पंचावन्नच्या आतल्यांना तिथे राहायला मनाई. नातवंडांना वर्षातून चौदा दिवस, तेही अर्ज करून.

"काका, इथे अगदी शांतता असते," तिथली मॅनेजर म्हणाली.

"ती आमच्याकडे पोराच्या कृपेने फुकट आहे," मी म्हणालो.

तुझी आई हसली नाही. परतताना हळूच म्हणाली, "अहो, चौदा दिवस तरी येईल का नातू?"

हे पत्र मी तुला पाठवणार नाही. फोनवर एवढंच सांगेन: तू देऊ केलेलं त्या वसाहतीतलं दोन खोल्यांचं घर मी नाकारलं. तुझे साठ लाख वाचले.

तुझा बाप