दवाखान्यात नेलं मला, ठेवून घेतलं सईदला

साखरखेर्डा,
रविवार

श्री. गोपालराव साडूभाऊ यांस,

उत्तमरावचा रामराम. जयमालाबाईंना नमस्कार आणि छकुलीला आशीर्वाद. खामगावात थंडी कशी आहे, तुमच्या तेलघाण्याला शेंगदाणा बरा मिळतो की नाही, छकुलीचा अभ्यास कुठवर आला, हे सगळं सवडीनं कळवावं. इकडे आम्ही जिवंत आहोत. 'सुखरूप' असं लिहिणार होतो, पण या आठवड्यात तो शब्द लिहायला हात धजत नाही. असा हादरा बसला आहे की दोन दिवस मी चहात साखर टाकली की नाही हेसुद्धा शालूला विचारून पितो आहे. फोनवर हे सांगता आलं नसतं, कारण फोनवर तुम्ही नेमके नको तिथे हसता.

मला पित्ताचा त्रास आहे हे तुम्हाला माहीत आहेच (लग्नकार्यात मी ते पंगतीला बसण्याआधी जाहीर करतो, म्हणजे वाढपी सांभाळून वाढतात आणि मग मला पुन्हा पुन्हा मागावं लागतं). जेवण झालं की छातीच्या मधोमध जळजळतं, आंबट पाणी घशाशी येतं, आडवं झालं की जास्तच. शालूचं म्हणणं असं, की हा त्रास यांना जेवणाआधी कधी होत नाही आणि जेवताना तर मुळीच नाही. तिच्या म्हणण्याकडे मी लक्ष देत नाही. आमच्या कपाटात गुलाबी औषधाची एक बाटली कायम असते. गावात कुणाला करपट ढेकर आला तर तो आमच्याकडे येतो, इतकी माझ्या पित्ताची ख्याती.

तर झालं असं, की सोमवारी आमच्या भाऊबंदांनी वावरात रोडग्यांचं जेवण ठेवलं होतं. तुम्ही खामगावकर असलात तरी रोडगे म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे कुस्करायचे, त्यावर तुपाची धार, आणि बाजूला वांग्याची अशी भाजी की जिच्या तर्रीत स्वतःचं तोंड दिसावं. मी बेतानं जेवलो (शालू इथे मान हलवते आहे). जेवण झाल्यावर लिंबाखाली बाज होती, तिच्यावर डाव्या कुशीवर जरा पडलो. डोळा लागला. जागा झालो तो छातीत भट्टी पेटलेली, अंगाला घाम, आणि डावा हात बधिर. गोपालराव, मी जागच्या जागी ओळखलं की हा हार्ट अटॅक आहे. मोबाईलवर त्याची चित्रफीत मी पाहिलेली होती, तिच्यातला माणूस हुबेहूब असाच बसला होता.

मी ओरडलो आणि मंडळी धावली. एका वहिनीनं खायचा सोडा पाण्यात ढवळून पाजला. दुसरीनं थंड दूध आणलं. तिसऱ्यानं ओवा आणि काळं मीठ तळहातावर ठेवलं. एक म्हातारबुवा म्हणाले की याची बेंबी सरकली आहे, आणि त्यांनी कुणाची परवानगी न घेता माझ्या पोटात अंगठा रुतवला. सोडा, दूध, ओवा आणि रोडगे यांची आत ग्रामसभा भरली आणि बाहेरून अंगठा. आता आपण वाचत नाही, हे मी नक्की धरलं. शालूला जवळ बोलावलं, वावराच्या धुऱ्यावरची, बांधावरची सागाची झाडं कुणाला विकू नकोस म्हणालो, माझ्यामागे रडू नकोस म्हणालो. ती म्हणाली, "आधी चप्पल तं घाला."

गाडी आली ती सईदची. सईद म्हणजे आमच्या वावराला धुरा लागून असलेला. त्याला तुम्ही पाहिलं आहे, आमच्या पुष्पांजलीच्या लग्नात मांडव त्यानंच उभारला होता. शाळेपासूनचा सोबती, गुडघ्यांनी खंगलेला, पण बोलावलं की येतो. त्याच्या पिकअपमध्ये मी पुढे बसलो आणि शालू पिशवी घेऊन मधे. मी सांगितलं, थेट बुलढाण्याला घे, मोठ्या दवाखान्यात. चिखली आली, चिखली गेली. मी छातीवर हात धरून सईदला आयुष्यभराचे अपराध माफ करत होतो (त्याचे), आणि हा गृहस्थ गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबला. उतरला आणि बाभळीला धरून उभा राहिला.

मी खिडकीतून विचारलं, "काऊन थांबला बे?"

"डोयापुढं अंधारी आली, उत्तम. जरा उभा राहू दे मले."

"अंधारी मले याले पायजे. तुले काऊन येऊन राह्यली?"

तो हसला, पाणी प्याला आणि पुन्हा गाडीत बसला. पुढे बुलढाण्याच्या अलीकडे आणखी एकदा थांबला. मला इतका राग आला की छातीतली आग त्यापुढे फिकी पडली. मरणाऱ्या माणसाला घेऊन निघालेल्यानं झाडाची हवा खावी म्हणजे काय! शालू मात्र मला सोडून त्याच्याकडेच बघत होती.

दवाखान्यात डॉ. धम्मशीला म्हणून बाई आहेत, वयानं आपल्या पुतणीएवढ्या. त्यांनी आधी काही न विचारता माझ्या छातीला तारा लावल्या, हृदयाचा आलेख काढला, रक्त घेतलं, आणि काही तास निजवून पुन्हा तेच केलं. मग खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, हृदय चांगलं आहे. जठरातलं आम्ल वर अन्ननलिकेत येतं, त्याची ही जळजळ. हात बधिर झाला तो त्याच्यावर निजल्यामुळे. खरं सांगतो, मला आनंद व्हायच्या आधी थोडा अपमान वाटला. इतका रस्ता मी मरत आलो होतो.

पण बाईंनी मला हसून सोडलं नाही, चांगलं फैलावर घेतलं. म्हणाल्या, तुम्ही घाबरून आलात हे बरोबरच केलं. छातीत दुखणं, घाम, दम लागणं, हातात किंवा जबड्यात कळ जाणं हे पित्त आहे की हृदय, ते घरी बसून कुणालाच ठरवता येत नाही, आम्हालाही आलेखाशिवाय येत नाही. पण मग चिखलीचा दवाखाना ओलांडून इथवर का आलात? खरंच अटॅक असता तर? एकशे आठला फोन करायचा, नाहीतर जवळ असेल तिथे आधी जायचं. मोठा आजार म्हणून मी मोठं गाव गाठलं होतं. मग पथ्य सांगितलं: थोडं थोडं खायचं, जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, निजायचं ते खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून, तंबाखू बंद, आणि सकाळी न्याहारीआधी गोळी. शालू हे सगळं इतक्या समाधानानं ऐकत होती की जणू डॉक्टरीणबाई तिच्या माहेरच्या.

इथपर्यंत ही हसण्यासारखी गोष्ट होती, गोपालराव. पुढची नाही.

सईद दाराशी बाकावर माझ्या चपला आणि पिशवी सांभाळत बसला होता. मी धडधाकट बाहेर आलेला पाहून तो दिलखुलास हसला, "चाल बे, हार्टवाले," असं म्हणाला, पिशवी उचलून उभा राहिला, आणि भिंतीला घासत हळूहळू खाली बसला. पडला नाही; बसला. चेहरा चुन्यासारखा. मला वाटलं थट्टा करतो. डॉक्टरीणबाई आतून धावत आल्या, त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. मीही वाकून पाहिलं. आत लाल काही नव्हतंच, नुसतं पांढरं. नाडीवर हात ठेवून त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. कुठल्या गोळ्या घेता? गुडघ्यांच्या. कुणी दिल्या? मेडिकलवाल्यानं, मागच्या पावसाळ्यात, तेव्हापासून रोज, सकाळी, उपाशीपोटी, चहासंगं. पोटात दुखतं का? वरच्या बाजूला दुखतं, पण उत्तमच्या बाटलीतलं गुलाबी औषध घेतलं की थांबते. मग बाईंनी आवाज खाली आणून विचारलं, "काका, शौचाला काळं होतं का? डांबरासारखं, चिकट?"

सईदनं माझ्याकडे पाहिलं, शालूकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं.

"होते," तो म्हणाला. "लय दिवस झाले."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"हे काय सांगाची गोष्ट हाय का, डॉक्टरीणबाई?"

त्याला वाटत होतं की हा बायकोच्या, अमीरबीच्या काळ्या मसाल्याचा रंग आहे. त्यावरून घरात भांडणही झालं होतं, आणि ती बिचारी आठवडाभर पिवळं वरण करत होती. तो रंग मसाल्याचा नव्हता. रक्ताचा होता. त्या गोळ्यांनी जठराला जखम केली होती, ती आतल्या आत झिरपत होती आणि रक्त पचून काळं होऊन जात होतं. रक्त तपासून बाई म्हणाल्या, अंगातलं निम्म्याहून जास्त रक्त गेलं आहे. हे गाडी चालवत आले कसे, हेच मला कळत नाही. मला मात्र कळलं. मी शेजारी बसून ओरडत होतो म्हणून आला.

गोपालराव, ज्या माणसाला बाभळीशी उभा पाहून मी शिव्या घातल्या, तो तेव्हा माझ्यापेक्षा मरणाच्या जवळ होता. ज्या बाकावर मी बसायला हवं होतं, तिथे तो माझ्या चपला घेऊन बसला होता. मी म्हणालो, माझं रक्त घ्या, लागेल तेवढं घ्या. रक्त घेणाऱ्या मुलीनं माझा कागद वाचला आणि म्हणाली, काका, आजच हार्टचा पेशंट म्हणून आलात, तुमचं आम्ही घेत नाही. (आयुष्यात एकदा दान करायला निघालो तर हे.) सईदचा मुलगा कलीम मोटरसायकलवर आला, त्यानं दिलं, आणखी आणलंही. मग तोंडातून दुर्बीण घालून बाईंच्या वरच्या डॉक्टरांनी जखम पाहिली आणि तिथेच चिमटा लावून रक्त थांबवलं. पोट फाडावं लागलं नाही. दुर्बिणीचं सईदला काहीच वाटलं नाही, पाणी पिण्याइतकं सोपं, असं त्यानं स्वतः सांगितलं.

अमीरबी आली तेव्हा मी तोंड लपवायला जागा शोधत होतो. ती माझ्यासमोर उभी राहिली, पदर सारखा केला, आणि म्हणाली, "भाईसाब, तुम्हाले अटॅक आला नसता तं हे दवाखान्याची पायरी चढलेच नसते. अल्लानं तुमचंच पोट निवडलं." गावातही आता हेच चाललं आहे, उत्तमरावनं सईदचा जीव वाचवला. पारावरून गेलो की लोक हात जोडतात. आणि मी काय केलं होतं? तीन रोडगे जास्त खाल्ले होते.

सईद शुक्रवारी घरी आला. गुडघ्याची ती गोळी त्याच्यासाठी कायमची बंद, जठराची गोळी सुरू, आणि पोटातला एक जंतू तपासायचा आहे म्हणतात, तोही या जखमा करतो. मी रोज जाऊन बसतो. तो पिवळं वरण जेवतो, मी लांब बसून बघतो, आणि आम्ही दोघंही पोटाविषयी आता अगदी मोकळेपणानं बोलतो. शालू म्हणते, जरा जास्तच मोकळेपणानं.

कळावे. जयमालाबाईंना जपावे, स्वतःलाही जपावे.

आपला,
उत्तमराव

ता. क. शालूनं पत्र वाचून परत दिलं. म्हणाली, एवढं सगळं लिहिलं आणि ज्यासाठी बसला होता तेच लिहिलं नाही. तर लिहितो. जयमालाबाईंनी तिला सांगितलं आहे, की दिवाळीपासून तुमच्या घशाखाली भाकरीचा घास अडतो, तुम्ही ती दुधात भिजवून कशीबशी उतरवता, सदरे ढगळ झाले आहेत, आणि कुणी विचारलं तर 'ॲसिडिटी आहे' म्हणून उठून जाता. मी नाव न घेता हे डॉ. धम्मशीलांना सांगितलं. त्या लिहीत होत्या, त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, जळजळीला औषध देऊन थोडे दिवस थांबता येतं. घास अडणं आणि वजन उतरणं याला थांबायचं नसतं. काही साधंही निघू शकतं, पण दुर्बिणीनं बघितल्याशिवाय साधं म्हणायचं नाही. खामगावात दाखवा नाहीतर बुलढाण्याला या, पण या आठवड्यात.

ता. क. दुसरा. दुर्बिणीचं 'पाणी पिण्याइतकं सोपं' असं वर जे लिहिलं आहे, ते तुम्ही घाबरू नये म्हणून मी आणि सईदनं मिळून ठरवलं होतं. ओकारी येते. डोळ्यांतून पाणी येतं. पण थोड्या वेळात संपतं, आणि मग कळतं.

ता. क. तिसरा. हे पत्र तुम्ही फाडून टाकाल आणि घरात बोलणार नाही, हे मी जाणून आहे. म्हणून पाकिटावर नाव जयमालाबाईंचं घातलं आहे. त्या आत्ता तुमच्यासमोर उभ्या असतील. चप्पल घाला.