ऑपरेशनच्या आधी तोलेदो

तीर्थरूप तोमासामावशी हिला सातुर्नीनोचा वाकून नमस्कार. (पाकिटावर मठातलं नाव, सिस्टर ब्रिखिदा, नीट घातलं आहे. घरात मात्र आई ते नाव कोणाला उच्चारू देत नाही, तेव्हा आत तोमासाच.) तुझे गुडघे कसे आहेत? थंडीत मठाची फरशी बाधते म्हणालीस म्हणून लोकरीचे मोजे धाडले होते, ते घालतेस की कुणा नव्या मुलीला देऊन टाकलेस? देऊनच टाकले असशील. इकडे सगळे खुशाल. केशराची फुलं यंदा उशिरा आली आणि सगळी एकदम आली. घरभर जांभळ्या पाकळ्यांचा खच पडलाय, आणि फेलिसाचं माझं नवरा-बायकोचं बोलणं 'सरक' आणि 'धर' एवढ्यावर आलं आहे.

तर पत्रास कारण असं, की केशर आटोपलं की आम्ही दोन दिवस तोलेदोला येतोय. मी, फेलिसा आणि आई. हो, आई. पुन्हा वाच, लिहिण्यात चूक नाही. एकतीस वर्षांत तुझं नाव निघालं की उठून चुलीकडे जाणारी बाई गेल्या रविवारी जेवता जेवता म्हणाली, "मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ना? मग त्याच्या आधी मला तोलेदोला ने." फेलिसाच्या हातातली पळी आमटीत बुडाली. का, कशाला, हे विचारायची आमची छाती झाली नाही.

फेलिसाने लगेच कागद घेऊन दोन दिवसांचा तक्ता केला. दहा ते दहा वीस कॅथेड्रल, वीस ते तीस कॉफी, अशा थाटाचा. आईने तो वाचून घेतला (म्हणजे माझ्याकडून; तिला आता माणसंही सावलीसारखी दिसतात म्हणे) आणि म्हणाली, "वीस मिनिटांत देव मला ओळखणारसुद्धा नाही." मग निघाला चढाचा प्रश्न. तोलेदो म्हणजे नुसते चढ, आणि आपलं गाव ताटासारखं सपाट. चढ काय तो पवनचक्क्यांच्या टेकडीचा. म्हणून मी ठरवलं, आधी तिथे रंगीत तालीम करू. आई पुढे काठी टेकत, मागे मी तिची वेताची खुर्ची डोक्यावर घेऊन, आणि फेलिसा तक्ता घेऊन. मावशी, टेकडीपर्यंत दोनशे पावलं असतील, पण वाटेत अकरा दारं. आई प्रत्येक दारी थांबली, प्रत्येक ठिकाणी "तोलेदोला चाललेय" म्हणाली, आणि प्रत्येकाने काही ना काही आणायला सांगितलं. माझ्याकडे आता चार सुऱ्या, सहा डबे बदामाची मिठाई आणि एका पुतण्याची चौकशी एवढी कामं आहेत. नाभिकाने तर हाक मारली, "काय सातुर्नीनो, बायकोने खुर्चीसकट बाहेर काढलं का?" वर पोचलो तर वाऱ्याने फेलिसाचा तक्ता उडवला. तो आता बहुतेक शेजारच्या गावाला दहा वीसला पोचला असेल.

फेलिसा कागदामागे धावली आणि टेकडीवर आम्ही दोघंच उरलो. आई खुर्चीवर बसून बराच वेळ धापा टाकत होती. मग म्हणाली, "तोलेदो कुठल्या बाजूला रे?" मी हाताने दाखवलं, मग लाज वाटून तिची खुर्चीच तिकडे वळवली. तिने मांडीवरचा रुमाल चारदा घडी केला, चारदा उलगडला. "तिला मी वाढवलं," ती म्हणाली. "आमची आई गेली तेव्हा ती पाच वर्षांची होती. आणि मठात जायला निघाली तेव्हा दारात उभी राहून मी म्हणाले, मठाच्या भेटीच्या जाळीआडून तुझं तोंड मी बघणार नाही. बोलले ते बोलले. शब्द फिरवणारी मी नव्हे. पण आता मला दिसतच नाही, तर बघण्याचा प्रश्न येतो कुठे? नुसता आवाज ऐकीन. डॉक्टरने डोळे उघडले की मग काही यायला जमायचं नाही."

मी बावन्न वर्षांचा घोडा, पवनचक्कीकडे बघत उभा राहिलो.

तेव्हा पुढच्या शनिवारी दुपारी भेटीच्या वेळेला आम्ही येऊ. मदर सुपीरियरना माझा नमस्कार सांग. प्रकृतीला जप.

तुझा,
सातुर्नीनो

ता. क. फेलिसा विचारते, मठाजवळ तळमजल्यावरची स्वच्छ खोली मिळेल का? (स्वच्छ या शब्दाखाली तिने स्वतः येऊन दोन रेघा मारल्या आहेत.)

आणखी ता. क. आई आत्ता प्रार्थनेला गेली आहे, एकटी, काठी इथेच विसरून, म्हणून हे घाईने लिहितो. काल आम्ही तिघं टेबलाभोवती फुलांतून केशर काढत बसलो होतो. आई पलीकडच्या टोकाला. मान वर न करता मला म्हणाली, "मिशीला केशराची काडी लागलीय, पूस." मी पुसली. फेलिसाने माझ्याकडे पाहिलं, मी फेलिसाकडे. मावशी, खरी विनंती एवढीच : शनिवारी तुला हवं ते तिला विचार, पण डोळ्यांबद्दल अवाक्षर काढू नकोस. आणि जमलं तर जाळीच्या अगदी जवळ, उजेडात बस.