युसुफभाईचा कान जाण्याआधी

दिग्रस, ११ जून २००६, रविवार

तिचा नवा फोटो आला. चोरून काढलेला. परदेशातला कुठला तरी घाट, आणि कोणी ओळखू नये म्हणून काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या कापडात गुंडाळलेली, अजून बाजारात न आलेली गाडी. दोन दारं, लांबलचक बॉनेट, मागं उतरत गेलेलं छत. कापडाखालूनही कळते, अशी.

इंटरनेटवरच्या आमच्या मंडळींत कालपासून जुंपली आहे. सगळे गाडीवेडे, एकाचंही तोंड मी पाहिलेलं नाही. सहा सिलिंडर की आठ? गिअर हातानं टाकायचे की आपोआप? कोल्हापूरकर म्हणतो, आठ नसले तर मिशी काढतो. मी लिहिलं, आधी मिशीचा फोटो टाका.

नेट कॅफेवाल्याकडून फोटो छापून घेतला आणि नेहमीप्रमाणे युसुफभाईच्या गॅरेजला गेलो. रविवारी आमचं हेच. त्यानं चष्मा पुसला.

“कोनाची नवरी आनली बे अशी गुंडाळून?”

“ग्रँड टूरिंग म्हणतात भाई. लांब जायची, आरामात जायची.”

“तुह्या आज्याकडं होती ना तशी. दोन शिंगावाली.”

आमचे आजे बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरायचे. हसलो दोघंही. दिवसभरातलं तेवढंच हसणं.

१८ जून

लिहून टाकतो. यु.भा.चा कान चालला आहे.

ट्रकवर क्लीनर होतो तेव्हा यानंच मला ऐकायला शिकवलं. लांब पेचकस घ्यायचा, टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची. आत काय दुखतं ते इंजिन स्वतःच सांगतं. त्या शिकण्यावरच पुढं कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या मशिनी दुरुस्त केल्या, मग दुकान, मग स्वतःचं जिन. लोक म्हणतात परसराम राठोडला मशीन बोलते. बोलते खरी.

आज एक ट्रॅक्टर आला. इंजिनातल्या टॅपेटची खडखड मला रस्त्यावरूनच ऐकू आली. यु.भा. जवळ उभा. म्हणाला, “मस्त चालून राह्यला.” तो चहा सांगायला गेला तेवढ्यात मी नट आवळून दिला. ट्रॅक्टरवाला पाहत होता, बोलला नाही. भला माणूस.

९ जुलै

बाभुळगावकडे एका घरी भेटायला गेलतो. वर्षानुवर्षं आमच्या जिनला कापूस घालणारा माणूस. आता कर्जापायी फोटोला हार. धीर द्यायला मी गेलतो, तर त्याच्या बायकोनंच मला पाणी दिलं.

परत आलो तर कालच्या टपालातलं गाड्यांचं मासिक वाट पाहत होतं. मुखपृष्ठावर तीच. अजून कापडातच. टपरीवर नेलं, पण कोणी पाहील म्हणून पेपरात गुंडाळून बसलो. या दिवसांत असल्या गाडीचं नाव काढलं तर लोक तोंडावर काही म्हणणार नाहीत. तेच जास्त लागेल.

जिन बंद. पट्टे सैल करून ठेवले. एवढ्या मोठ्या शेडमध्ये चिमण्यांचा आवाज किती होतो!

सुनीताचा पुण्याहून फोन. “बाबा, इकडं या ना राह्यला.” म्हटलं, पाहू. ती गेल्यापासून (सुनीताची आई) सगळ्यालाच पाहू म्हणतो.

२ ऑगस्ट

यु.भा.ला यवतमाळला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. उमर आणि जन्मभराचा इंजिनांचा आवाज. आहे ते परत येणार नाही, उरलेलंही हळूहळू जाईल. मशीन लावा म्हणाले. हा म्हणे, “मशीनचा आवाज मशीनमधून कायले आयकू?”

यष्टीत खिडकीपाशी बसला होता. एकदम मोठ्यानं म्हणाला, त्याला वाटलं हळू बोलतोय:

“परश्या, ते गाडी कधी येते बे?”

“हिवाळ्यात मुंबईत दाखवतील म्हणतात.”

पुन्हा कानाशी जाऊन सांगावं लागलं. सगळी यष्टी ऐकत होती.

“हिवाळ्यालोक पुरन,” म्हणाला. म्हणजे कान हिवाळ्यापर्यंत पुरेल. “जिंदगीभर डिझेलची खोकलं आयकली. एकडाव तिले आयकू दे मले. तू सोबत पायजे. तू सांगशीन, म्या आयकलं ते बरोबर का नाही.”

हो म्हटलं. आता न्यावंच लागेल.

१० सप्टें.

मंडळींपैकी कोणी तरी तिच्या चाचणीच्या वेळचा आवाज मिळवून टाकला. कॅफेत उतरायला अर्धी सकाळ गेली. मी ऐकला. अंगावर काटा आला, खोटं कशाला लिहू. आधी खोल घुमणं, मग कोणी जाड कापड सरळ फाडत न्यावं तसं.

यु.भा.च्या कानाला हेडफोन लावला. मान हलवली त्यानं. काही नाही.

मग त्यानंच खिशातून पेचकस काढला. कॅफेवाला घाबरून उठला. टोक स्पीकरच्या डब्याला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडावर दाबली, डोळे मिटले.

“लाव पुन्हा.”

लावला. पुन्हा लावला.

“आठ हायेत,” म्हणाला. “पन अजून थंडी हाय. गरम झाल्यावर आयकाले पायजे.”

हाडातून खरंच ऐकलं, की आधीच माझं तोंड पाहून अंदाज बांधला होता? माझे कान तिखट म्हणतात सगळे. मला ओळखता आलं नाही.

८ ऑक्टो.

कळलं की मुंबईच्या प्रदर्शनात इंजिन सुरू करत नाहीत. बंद हॉल असतो. गाडी फक्त फिरत्या चौथऱ्यावर उभी.

मंडळींना विचारलं: माझे एक ज्येष्ठ मित्र आहेत, त्यांना चालू इंजिनाला पेचकस लावायचा आहे, कुठं सोय होईल का? मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. धो धो उत्तरं. एक म्हणाला, ओरखडे काढणारी टोळी यवतमाळहून निघाली आहे, पोलिसांना कळवा. दुसरा: येताना हातोडाही आणा. मीही हसलो. कॅफेत एकटं हसणं बरं दिसत नाही.

२२ ऑक्टो.

दिवाळी झाली. दोन पणत्या लावल्या. एक घराला, एक बंद जिनच्या दाराशी.

कोल्हापूरकराचं वेगळं पत्र आलं. थट्टा नाही. त्याच्या ओळखीच्या एकानं मुंबईत ती नोंदवून ठेवली आहे. आली की घरी सुरू करून दाखवेल. “पेचकसाच्या टोकाला रबर लावून आणा, म्हणजे त्यांचा जीव भांड्यात पडेल.”

यु.भा.ला कागदावर लिहून दाखवलं. रोजा होता त्याचा, तरी उठला. सायकलची जुनी ट्यूब शोधली, कात्रीनं तुकडा कापला, टोकाला चढवला, तारेनं आवळला. आपल्याच गालावर घासून पाहिला. नवी पँट घालून पाहावी तसा चेहरा.

३ डिसें.

पुढं ढकलली. कंपनीनं कारण नाही दिलं. मुंबईच्या प्रदर्शनात नाही. पुढच्या वर्षी कधी तरी. आपल्याकडे येईलच असंही आता म्हणत नाहीत. मंडळी चिडली, दोघं-तिघं सोडून गेले. कोल्हापूरकरानं एवढंच लिहिलं, “थांबू या.”

गॅरेजला गेलो नाही आज. पहिल्यांदा. सर्दी झाली म्हणून निरोप पाठवला.

१७ डिसें., रविवार

शेवटी गेलो. शटर अर्धं वर, आत यु.भा. एकटा. एक इंजिन चालू ठेवून त्याच्याकडे पाठ करून बसलेला. मी बंद केलं ते त्याला कळलंच नाही. खांद्याला हात लावला तेव्हा वळला.

“सर्दी गेली काय? काय खबर तिची?”

कागद काढला, पेन उघडलं. वर तारीख टाकली, तीच पुन्हा गिरवली.

त्यानं कागद बाजूला सारला. पेचकस उचलला, मूठ कानामागं लावली आणि रबराचं टोक माझ्या गळ्यावर, घाटीच्या खाली टेकवलं. इंजिनाला टेकवतो तसंच, अलगद.

“लिहू नोको. बोल.”

रबरानं आवाज अडतो. हे त्याला माहीत आहे, त्यानंच मला शिकवलं होतं. तरी सांगितलं. भाई, पुढं ढकलली. पुढच्या वर्षी म्हणतात. तेही नक्की नाही. येणार, की…

डोळे मिटलेले. काय ऐकू गेलं, देव जाणे. मी थांबलो.

टोक तसंच गळ्यावर ठेवून म्हणाला, “थांबला काहून? चालू ठेव.”