करवंदीचा काटा

बदलापूर,
१२ ऑक्टोबर २००८

प्रिय कौसाआत्या,

चौदा वर्षांनी माझं पत्र बघून तू आधी शेवटची ओळ वाचशील, काही वाईट तर नाही ना म्हणून. नाही गं. सगळे धडधाकट आहेत. बाबांना तेवढं टक्कल पडलंय आणि ते रोज आरशाशी भांडतात.

मी उल्हासनगरला एका त्वचेच्या डॉक्टरांकडे मदतनीस म्हणून लागलेय. परवा तिथे जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. एका बाईंच्या डोक्यावर चाई पडली होती, केस जाऊन चांगला बांगडीएवढा गुळगुळीत गोल झाला होता. डॉक्टरांनी ती जागा बधिर केली आणि बारीक सुयांचा एक इवलासा रूळ तिच्यावरून फिरवला. मोहरीएवढे रक्ताचे थेंब वर आले. माझ्या हातातला कापूस हातातच राहिला. असेच ठिपके तुझ्या फडक्यावर उमटलेले मी पाहिले होते, आत्या!

डॉक्टर म्हणाले, बारीक जखमा झाल्या की कातडी स्वतःला सांधायला लागते, आणि त्या धांदलीत केसांची झोपलेली मुळंही कधी कधी जागी होतात. खात्री नाही, तेही अजून करूनच बघतायत. लहानपणी माझ्या चाईवर तू करवंदीचा काटा टोचला होतास हे सांगितलं तर ओरडलेच, पू झाला असता म्हणाले. तू काटा उकळून घेतला होतास म्हटल्यावर जरा निवळले. चाई पुष्कळदा आपोआपही भरते म्हणे. तेव्हा माझे केस तुझ्यामुळे आले की आपले आपण, देव जाणे. पण एवढं टोचूनही कातडी रुसत नाही, उलट कामाला लागते, हे केवढं नवल! परवापासून मी स्वतःच्याच हाताकडे बघत बसते.

केस आले तेव्हा कौतुक झालं घरी चोळायचे त्या तेलाच्या बाटलीचं, आणि तू ठरलीस वाईट. त्या दिवशी बाबा अचानक तुझ्या ओटीवर आले, फडक्यावरचं रक्त बघितलं आणि मला उचलून घेऊन गेले. पोरीचं डोकं फोडणारी बहीण मला नको, म्हणाले. त्यानंतर ना बारवी नदीकाठी तुझ्या गावाकडे फिरकले, ना तुझ्याकडून ओवाळून घेतलं. आणि तू एका शब्दानं स्वतःची बाजू मांडली नाहीस.

आत्या, तू नको नको म्हणत होतीस. शाळेत मला टकली म्हणायचे, म्हणून काटा मीच तोडून आणला होता, तुझ्या पाया पडले होते. आणि बाबांनी दरडावल्यावर मीच रडत तुझ्याकडे बोट दाखवलं. आठ वर्षांच्या पोरीला तू केव्हाच माफ केलं असशील. पण बाविसाव्या वर्षापर्यंत गप्प बसलेल्या माझं काय?

काल बाबांना सगळं सांगितलं. ते माझ्या केसांतून बोटं फिरवत ती जागा शोधत राहिले. आज सकाळी विचारत होते, कौसाला अजून हिरवंच लुगडं आवडतं का. भाऊबीजेला आम्ही येतोय. मला हवं तेवढं ओरड, पण आधी त्यांना ओवाळ.

तुझ्या मांडीवर डोकं ठेवणारी,
तुझीच मनाली