वहिनीच्या वाट्याचं ऊन

मी, माधवराव आबाजी पौळ, वय सत्तरीच्या उंबऱ्यावर, धंदा पिठाची गिरणी, राहणार देवगाव फाटा, तालुका सेलू, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, नजर चष्म्याने चालते आणि माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. मनाला टोचणी आहे, पण कायदा ती जबरदस्तीत धरत नाही, असं वकिलांनी सांगितलं.

१. माझी पत्नी सुमंगला हयात नाही. मुलगा विवेक हा एकच वारस. फाट्यावरची गिरणी, तिची जागा, मोटार, मिरची कांडायचा डंका आणि बँकेतली शिल्लक त्याची. जात्याला टाकी लावायची माझी छिन्नी त्याने भंगारात घालू नये, एवढीच विनंती.

२. राहतं घर वडिलांचं. थोरले बंधू बन्सीधर वारल्यापासून दक्षिणेकडचा अर्धा भाग, त्यावरच्या गच्चीसह, त्यांच्या पत्नी धुरपताबाई यांचा आहे. कागदावर सगळं घर माझ्या एकट्याच्या नावे राहिलं. तो भाग मी वहिनींना देत आहे असं कोणी म्हणू नये. तो माझा नव्हताच. त्यांच्या पश्चात तो त्यांची कन्या राजेश्री हिचा. विवेकने हरकत घेऊ नये.

३. हे इतकं स्पष्ट का लिहावं लागलं, ते सांगतो. वहिनी कुरडया, सांडगे, पापड करून विकतात. दादा गेल्यावर त्यांनी माझ्यापुढे कधी हात पसरला नाही, तो या वाळवणाच्या जोरावर. गिरणीसाठी सोलर घ्यायचं ठरलं तेव्हा गिरणीच्या पत्र्याखालचे लोखंडी अँगल गंजलेले निघाले. ते बदलायचा व्याप मला नको होता. घरावरच्या माझ्या गच्चीवर दुपारनंतर सावली. राहिली वहिनींची गच्ची, जिथे त्यांचं वाळवण असायचं.

मी विचारायला गेलो तेव्हा पॅनेलचा टेम्पो दारात उभा होता आणि माणसं शिडी लावत होती. वहिनींचे हात गव्हाच्या चिकाने भरलेले.

"वहिनी, तुमच्या अंगाची गच्ची लागतेय. ऊन तिकडंच हाय."

त्यांनी टेम्पोकडे बघितलं. "भावजी, सामान तर दारात येऊन पडलंय. आता मला काय इचारायलाव?"

मी हसलो आणि तो होकार धरला.

बिल उतरलं. येईल त्याला मी ते दाखवत होतो. लाईट गेली की सोलरही बंद पडतं, कारण बॅटरी घेतलेली नाही. हे कंपनीच्या माणसाने आधीच सांगितलं होतं, मी कान दिला नव्हता. म्हणजे लोक डबे घेऊन पूर्वीसारखेच ताटकळत. वहिनी मात्र अंगणात सरकत्या उन्हामागे खाट ओढत होत्या. ओल्या राहिलेल्या कुरडयांना आंबूस वास यायचा, गिऱ्हाईकं परत करायची. मी रोज बघत होतो. बघून गिरणीवर जात होतो.

गेल्या उन्हाळ्यात त्या परात घेऊन गोठ्याच्या पत्र्यावर चढल्या आणि तिथून पडल्या. खुबा मोडला. गिरणी घराला लागूनच आहे. ती चालू होती, त्यांच्याच गच्चीवरच्या उन्हावर. त्या आवाजात त्यांची हाक मला ऐकू आली नाही.

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कशा पडलात? "न्हाणीत पाय घसरला," वहिनी म्हणाल्या. मी शेजारी उभा होतो. तेच मी केसपेपरवर लिहू दिलं.

४. शेजारी भुजंग याने मजल्यावर मजला चढवून माझ्या गच्चीचं ऊन खाल्लं, म्हणून मी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. माझ्या तेराव्याला त्याला बोलवू नये, असं आधी कच्च्या मसुद्यात लिहिलं होतं. आता कोणत्या तोंडाने लिहू? बोलवावं. पहिल्या पंगतीला नको.

५. ~~माझ्या मृत्यूनंतर~~ वहिनींच्या गच्चीवरची सर्व पॅनेल उतरवून, गिरणीचे अँगल नवे करून, तिथल्या पत्र्यावर बसवावीत. खर्च माझ्या शिलकीतून व्हावा. विवेकला तेलघाणा टाकायचा आहे, त्याला आणखी पॅनेल हवीत. "काकूला आता गच्ची कशाला लागते? तिला जिना तरी चढवतो का?" असं तो माझ्यासमोर म्हणाला. त्याला हे बोलायची सवय माझ्याकडे बघून लागली. त्या गच्चीवर त्याने एक खिळाही ठोकू नये.

६. वरच्या कलमातली खोडाखोड माझी आहे, शेजारी सही केली आहे. कारण असं: लिहून झाल्यावर मी वहिनींना सगळं वाचून दाखवलं. त्या खाटेवर लसूण सोलत बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "चांगलं लिवलं. पन हे तुमी मेल्यावरच व्हनार, न्हाई का?"

"हो."

"मंग औंदा वाळवण कुटं घालू?"

मेल्यावर द्यायला माणसाचं काय जातं? मी उदार झालो असं समजून, लिहिलं त्या रात्री स्वस्थ झोपलोसुद्धा होतो.

आज सकाळपासून पॅनेल उतरवणं चालू आहे. गिरणी बंद. विवेक माझ्याशी बोलत नाही. गंगाखेडहून आईसाठी येऊन राहिलेली राजेश्री वर गच्ची झाडायलीय. मघाशी वहिनी जिन्याशी आल्या. मी हात पुढे केला. तो त्यांनी धरला नाही. कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, त्या एकट्या चढायल्यात. मी खाली उभा राहून, भिंतीवर कागद टेकवून, हे शेवटचं लिहीत आहे.

यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. वाचलं, समजलं, साक्षीदारांसमक्ष सही केली. त्यांनी माझ्यासमक्ष केली.

सही: माधवराव आबाजी पौळ

साक्षीदार:
१. दत्तराव खंडेराव गायके, राहणार देवगाव फाटा
२. परमेश्वर लिंबाजी काष्टे, राहणार सेलू

स्थळ: देवगाव फाटा
दिनांक: २० जानेवारी २०२६