खाली राहिलेला हात

आई, तू असतीस तर आज फोन करून एकच विचारलं असतं, आमच्या कॉलेजचा तुझ्यासारख्यांच्या शाळेला नक्की उपयोग काय होतो गं? टोमणा नाही, खरंच जाणून घ्यायचंय. यांची बदली जयपूरच्या छावणीत झाली, पुढे आम्ही इथलेच झालो, आणि इतकी वर्षं मी जयपुरातच, झालाना भागातल्या कॉलेजात शिक्षक घडवते. बीएडच्या मुलींना कसं शिकवायचं ते शिकवते, एमएडच्यांकडून त्यावर प्रबंध लिहून घेते, आणि दर हिवाळ्यात सराव पाठांसाठी मुलींना सरकारी शाळांत धाडते. चौमू गावाच्या रस्त्यावरच्या एका शाळेचे हेडमास्तर परवा चहा पुढे करत म्हणाले, तुमच्या मुली येतात, चार्ट टांगतात आणि जातात, चार्ट तेवढे राहतात. भिंतीवर खरंच जलचक्राचे पाच चार्ट होते. मला हसू आलं आणि झोंबलंही.

माझा बीएडचा एक सराव पाठ तुझ्याच चौथीच्या वर्गावर झाला होता, आठवतं? पाटी ओल्या फडक्याने पुसून मी विचारते, पाणी गेलं कुठं? भराभर हात वर होतात. तू मागे सतरंजीवर पोरांमध्ये मांडी घालून बसली आहेस. आमच्या कॉलेजच्या बाईंनी तिथल्या तिथे शाबासकी दिली आणि मी हवेत. संध्याकाळी तू भाकरी थापत होतीस, मी शेजारी बसून कौतुकाची वाट बघत होते. तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "हात पुष्कळ वर होते. एक खाली होता, तो कुणाचा गं?" मी म्हटलं, लक्ष गेलं नाही. तू पुढची भाकरी थापायला घेतलीस. मी मात्र आठवडाभर तुझ्यावर फुगून होते. सगळं सोडून हिला तेवढंच दिसावं!

तर परवा त्याच चार्टांच्या शाळेत मी माझ्या एका विद्यार्थिनीचा पाठ बघायला गेले आणि तुझ्यासारखीच मागे जाऊन बसले. विषय तोच, बाष्पीभवन. तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आत सगळ्या वर्गाचे हात वर. माझ्या शेजारची चिमुरडी मला धीर देत कुजबुजली, "कल भी यही पढ़ाया था मैडमजी. मुझे पक्का आता है." आमच्याकडे आधी घोटून घेतलेला पाठ रद्द होतो, आणि हा माझ्या विद्यार्थिनीचा शेवटचा पाठ, म्हणजे तिचं वर्ष गेलंच. व्हरांड्यात नेऊन मी तिला विचारलं. ती घाबरली, पण खोटं बोलली नाही.

"मैम, कल आधे बच्चों को कुछ समझ नहीं आया. आज दोबारा पढ़ाया."

मी खोदून खोदून विचारत राहिले. अडलं कुठे, कोण अडलं? झोटवाड्याहून बसने येणारी ही मुलगी, तिने एकेका पोराचं नाव घेऊन सांगितलं. एकीला वाटत होतं, पाणी पाटीच पिऊन टाकते. म्हणून हिने आज पाटीऐवजी स्टीलचं ताट आणलं होतं. आई, आमच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात फळ्यावरच्या अक्षराला रकाना आहे, आवाजाच्या चढउताराला आहे, पण फसलेल्या पाठानंतरच्या दुसऱ्या दिवसाला नाही. आम्ही नेमक्या नको त्या दिवशी जातो की काय? पहिल्या दिवशीही जाऊन बसलो तर त्या शाळेत चार्टाखेरीज काही उरेल का? मी तक्त्याच्या कडेला लिहिलं, "कालचा पाठ कुठे फसला हे हिला कळलं", आणि तिला पास केलं. सोमवारी विभागप्रमुख जाब विचारतील. विचारू देत.

हे टपालात पडणार नाही, म्हणून सांगते. माझा पाठही आदल्या दिवशी घोटलेला होता. तू तालुक्याला मीटिंगला गेली होतीस तेव्हा मी तुझ्या वर्गाकडून तो दोनदा करून घेतला. एका मुलीला काही केल्या कळेना. मी तिला पुन्हा शिकवलं नाही. उद्या तू हात वर करू नकोस, एवढंच सांगितलं. तिने ऐकलं. तिचं नाव मी विचारलंच नव्हतं.