वर्तुळाचा मध्य माझ्या बागेत घेण्याबाबत

प्रति,
मा. कृषी अधिकारी तथा अध्यक्ष,
सोंड्या भुंगा नियंत्रण संयुक्त समिती,
वादी अल-हजल, ओमान.

विषय : खजुराची झाडं तोडण्याच्या वर्तुळाचा मध्य सुवेद बिन नासिर यांच्या बागेतून काढून माझ्या बागेत घेण्याबाबत.
संदर्भ : समितीचा दि. ३ मार्चचा ठराव (त्यावर माझीही सही आहे).

महोदय,

१. मी समितीवर महिला बागायतदारांची प्रतिनिधी आहे. किनाऱ्याकडचा खजुराचा एकही फुटवा गावात आणू नये, त्यातून सोंड्या भुंग्याची अळी येते आणि झाड वरून हिरवं दिसत असताना आतून पोखरलं जातं, हे समितीच्या कीडतज्ज्ञ डॉ. नुझूद यांनी शिकवलेलं मी दोन वर्षं घरोघर सांगत आले. आणि तसा एक फुटवा मीच आणला.

२. आमच्याकडे नातवंड झालं की आजीच्या माहेरच्या झाडाचा फुटवा त्याच्या नावाने लावतात. मला नात झाली तेव्हा किनाऱ्यावरची बहीण म्हणाली, "आईचं झाड पुढच्या आठवड्यात तोडणार आहेत. हा शेवटचा फुटवा. नेतेस, की जाळू?" मी तो दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेतला. तपासणी नाक्यावरच्या शिपायाने विचारलं, "बाळ झोपलंय का, मावशी?" मी मान डोलावली. बिचाऱ्याने पुढचं सगळं हळू आवाजात विचारलं.

३. प्रतिनिधींनी आपली बाग आपणच तपासावी, असा नियम आहे. गेल्या हिवाळ्यात फुटव्याच्या बुंध्याशी ओला भुसा दिसला आणि आंबूस वास आला. कान लावला तर आत कुरकुर. त्या दिवशीच्या तक्त्यात माझ्या हातचा शेरा आहे : 'निरोगी'.

४. पुढे शेजारच्या सुवेदकाकांच्या सापळ्यात भुंगे सापडले. काकांनी तपासनिसांना दोनदा दारातून परत पाठवलं होतं : "माझी झाडं मला बोलतात, तुमच्या यंत्राला कशाला सांगतील?" त्यामुळे उगम त्यांच्याकडेच, असं सभेत सगळ्यांनी धरलं. उगमाभोवती वीस पावलांतली झाडं तोडायची, बाहेरची औषधावर ठेवायची, असं ठरलं. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "शम्सा, तू दोन शब्द बोल की." मी पाण्याचा पेला उचलला. नंतर सही केली.

५. मी पावलं मोजली आहेत. मध्य माझ्या फुटव्यावर धरला तर काकांच्या सातपैकी सहा झाडं वर्तुळाबाहेर जातात. सातव्यात अळी आहे. ते मात्र वाचत नाही. माझी नऊच्या नऊ आत येतात. तरी सोमवारी तोडणीचं यंत्र आधी माझ्याकडे पाठवावं, माझा शेरा खोडून खरं लिहावं, आणि हा अर्ज सभेत मी समोर असताना वाचावा. माझ्या जागी दुसरी बाई नेमावी. डॉ. नुझूद यांना दोष देऊ नये. त्यांनी नीट शिकवलं होतं. लोकांनी यापुढे त्यांचं ऐकावं एवढ्यासाठी तरी माझं नाव लपवू नये.

६. तोडणीचं यंत्र आत यावं म्हणून मी आज सकाळी आमच्या दोन बागांमधली भिंत दहा हात पाडली. काका न विचारता दगड उचलायला आले. अर्धा ढीग हलवल्यावर म्हणाले, "भिंत कशाला पाडतेस ते तरी सांग." मी सांगितलं. सगळं, दुपट्यासकट. त्यांनी हातातला दगड सावकाश खाली ठेवला. "आईचं झाड. आणलंस, ते कळलं मला," ते म्हणाले. "पण सही कशी केलीस ग?"

हे कलम इथेच थांबवते.

निर्णय लवकर व्हावा, ही विनंती.

आपली नम्र व अपराधी,
शम्सा बिंत खल्फान
दि. ७ मार्च २०१९

सोबत :
१. फुटव्यातून काढलेल्या चार अळ्या, झाकणबंद बाटलीत.
२. पावलांचा हातनकाशा.
३. तपासणीचा तक्ता, मूळ प्रत.